बेदाण्याच्या स्टोअरेजसाठी उचलयंत्र निवडताना : तासगाव भागातलं एक प्रकरण

दिवाळीनंतरच्या आठवड्यात तासगाव-सांगली रस्त्यावरच्या एका बेदाणा स्टोअरेजच्या, म्हणजे बेदाण्याच्या शीतगृहाच्या, मालकांचा फोन आला. "नवीन चेंबर उभा राहिलाय. आता रॅक टाकायचेत. फोर्कलिफ्ट घेऊ, स्टॅकर घेऊ, का ते रीच ट्रक म्हणतात ते घेऊ? तिघांची कोटेशनं आलीत, तिघंही आपलंच बरोबर म्हणतायत. तुम्ही येऊन एकदा बघा."

गोदामांची आखणी आणि त्यातल्या यंत्रांची निवड हे माझं रोजचं काम. कोटेशनं बघितली तर तिन्ही खरी होती. प्रत्येक यंत्र दीड टन उचलणारं, प्रत्येक बॅटरीवर चालणारं, प्रत्येकाच्या माहितीपत्रकात पाच मीटर उंची लिहिलेली. कागदावर फरक दिसत होता तो फक्त किमतीचा, आणि म्हणूनच मालक अडकले होते. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण तासगाव, सांगली, पंढरपूर, विजापूर या पट्ट्यात असे चेंबर उभे राहतायत आणि हाच घोळ मी तिसऱ्यांदा बघतोय.

माल आणि त्याचा स्वभाव

यंत्राआधी माल समजून घ्यावा लागतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. जत, कवठेमहांकाळ, जुनोनीच्या कोरड्या हवेत शेडमधल्या जाळ्यांवर पंधरवडाभर वाळवून, निवडून, प्रतवारी करून तो पेट्यांत भरला जातो. पेटी १५ किलोची. फेब्रुवारीत आवक सुरू होते, मार्च-एप्रिलमध्ये रांगा लागतात आणि मेअखेर सगळं थंडावतं. जावक मात्र वर्षभर चालते. सणासुदीला वाढते, रमजानच्या आधी वाढते, भाव चढला की वाढते.

या मालाची खरी अडचण वजनाची नाही, लॉटची आहे. एका शेतकऱ्याच्या ४० पेट्या, दुसऱ्याच्या २००, तिसऱ्याच्या १२. प्रत्येकाची पावती वेगळी, मार्का वेगळा, प्रत वेगळी. सिमेंटच्या गोदामात कुठलीही गोणी काढली तरी चालते. इथे अमक्याचीच पेटी काढावी लागते.

जुन्या चेंबरमध्ये मी गेलो त्या दिवशी सौदा होता. एका व्यापाऱ्याला मागच्या भिंतीजवळचा १२ पेट्यांचा लॉट बघायचा होता. त्या लॉटच्या पुढे आणि वर दुसऱ्यांच्या पेट्यांची थप्पी. चौघांनी मिळून १४० पेट्या हलवल्या, १२ काढल्या, आणि १४० परत लावल्या. चार अंशांच्या थंडीत त्यांच्या शर्टांना घाम आला होता. बाहेर एप्रिलसारखं ऊन नसलं तरी दुपार तापलेली होती, आणि त्या घामानिशी ते आत-बाहेर करत होते. मी मोजत उभा होतो. मालकांना मी पहिली गोष्ट दाखवली ती हीच: तुमचा प्रश्न उंचीचा नाही, पोहोचण्याचा आहे.

सांगलीला साठवणुकीची परंपरा जुनी आहे. हरिपूरच्या पेवांत हळद जमिनीखाली वर्षानुवर्षं राहायची. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं गेली. पेवात एकदा भरलेलं एकदम काढायचं असतं, म्हणून तिथे तळाशी असणं चालून जायचं. बेदाण्याला ते चालत नाही.

म्हणून रॅकचा प्रकार आधी ठरला. पॅलेट म्हणजे पेट्या रचायची फळ्यांची बैठक. एकामागे एक पॅलेट आत ढकलत जायचे ड्राइव्ह-इन रॅक जास्त माल घेतात, पण त्यात शेवटी ठेवलेलं आधी काढावं लागतं. म्हणजे जुनं दुखणं लोखंडात बांधून घेतल्यासारखं. प्रत्येक पॅलेट समोरून थेट काढता येईल असे साधे रॅकच हवे होते. त्याला गल्ल्या लागतात, आणि गल्ली किती रुंद हे यंत्र ठरवतं.

तिन्ही यंत्रांना पडलेला एकच प्रश्न

पुढे वजन घेतलं की यंत्र पुढे कलंडणार. ते कसं टाळायचं, याची प्रत्येक यंत्राची स्वतःची तऱ्हा आहे, आणि बाकीचे सगळे गुणदोष त्यातूनच येतात.

फोर्कलिफ्ट मागे वजन बाळगते. पुढची चाकं म्हणजे मधला टेकू, पुढे माल, मागे लोखंडाचा ठोकळा आणि बॅटरी. पहारीने दगड उचलताना आपण टोकावर भार देतो तसंच. तिला पाय नसल्यामुळे ती कुठल्याही पॅलेटला, ट्रकला, थप्पीला थेट भिडते. पण मागे एवढं वजन म्हटल्यावर अंग लांब, आणि अंग लांब म्हटल्यावर वळायला जागा जास्त. तीन चाकांची छोटी बॅटरीवरची असली तरी १२०० मिलिमीटर लांबीचा पॅलेट घेऊन काटकोनात वळायला तिला साधारण ३.४ मीटर गल्ली लागते.

स्टॅकर मागे वजन ठेवत नाही. तो पुढे पाय काढतो. माल उचलणाऱ्या लोखंडी काट्यांच्या बरोबर खाली दोन पाय, त्यांच्या टोकाला छोटी चाकं. माल पायांच्या वरच उचलला जातो, त्यामुळे पुढे कलंडायचा प्रश्नच कमी. अंग आखूड, चालवणारा मागे चालत किंवा छोट्या फळीवर उभा. २.४ मीटरच्या गल्लीत त्याचं काम होतं.

रीच ट्रक या दोघांच्या मधला. त्यालाही पुढे पाय आहेत, पण मास्ट, म्हणजे काटे वरखाली नेणारा उभा सांगाडा, त्या पायांमधून पुढेमागे सरकतो. माल घ्यायला मास्ट पुढे जातो, घेतला की पायांच्या मध्ये परत येतो. म्हणून तो फोर्कलिफ्टपेक्षा आखूड जागेत वळतो, २.८ मीटरमध्ये, आणि दहा-बारा मीटरवरही ठेवू शकतो. चालवणारा आडवा बसतो, दोन्ही दिशांना मान वळवून बघतो. मोठ्या कंपन्यांच्या भिवंडीतल्या गोदामांत हेच यंत्र दिसतं आणि मालकांच्या मनातही तेच होतं. त्यांनी तिकडे ते पाहिलं होतं.

हँड पॅलेट ट्रकला आमच्याकडे नुसतं ट्रॉली म्हणतात. ती अडीच टन वाहते, पण जेमतेम २० सेंटिमीटर उचलते. ती वाहणारी आहे, चढवणारी नाही. तरीही गोदामातलं पैसा वसूल सामान म्हणाल तर तीच. दीड-पावणेदोन मीटरच्या गल्लीत चालणारी, तारेच्या किंवा रुळांच्या मार्गदर्शनाने धावणारी व्हीएनए (व्हेरी नॅरो आइल, म्हणजे अगदी अरुंद गल्लीची) यंत्रंही असतात. एका चेंबरसाठी ती विचारात घेण्याचं कारण नव्हतं.

गल्लीचा हिशेब

चेंबर आतून २४ मीटर लांब, १५ मीटर रुंद. छताला टांगलेल्या, हवा गार करणाऱ्या कॉइलच्या पाण्याच्या ट्रेपर्यंत मोकळी उंची ६.५ मीटर. पॅलेट १२०० बाय १००० चा. पेटीचा तळ ४० बाय ३० सेंटिमीटर आणि उंची २०, म्हणजे एका थरात १० पेट्या. सहा थर, ६० पेट्या, ९०० किलो. पुठ्ठा आणि पॅलेट धरून साडेनऊशे. उंची पॅलेटसकट १.३५ मीटर.

दाराच्या बाजूला वळायला चार मीटर सोडले तर रॅकसाठी २० मीटर लांबी उरते. दोन पॅलेटचा एक खण साधारण २.४ मीटरचा, म्हणजे आठ खण, एका ओळीत एका मजल्यावर १६ पॅलेट. भिंतीलगतच्या एकेरी ओळीला हवा फिरायची फट धरून १.३५ मीटर, पाठीला पाठ लावलेल्या दुहेरी ओळीला २.५ मीटर. एका मजल्याची उंची, बीम (पॅलेट ज्यावर टेकतो तो रॅकचा आडवा दांडा) आणि वरची मोकळीक धरून, १.६ मीटर.

आता १५ मीटर रुंदीत काय बसतं ते बघा. फोर्कलिफ्टच्या ३.४ मीटरच्या दोन गल्ल्या आणि चार ओळी बसतात, १२ मीटर भरतात, आणि उरलेले तीन मीटर तसेच पडून राहतात, कारण त्यात आणखी एक ओळ आणि तिची गल्ली मावत नाही. चार मजले धरले तर २५६ पॅलेट. रीच ट्रकच्या २.८ च्या तीन गल्ल्या, पाच ओळी, १४.७५ मीटर. चार मजले, ३२० पॅलेट. स्टॅकरच्या २.४ च्या तीन गल्ल्या आणि सहा ओळी, १४.९ मीटर, भिंतीला भिंत. पण स्टॅकर चौथ्या मजल्यावर पोहोचत नाही, त्यामुळे तीन मजले, २८८ पॅलेट.

पोहोचत नाही म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं, कारण माहितीपत्रकात पाच मीटर लिहिलं होतं. यंत्रावर क्षमतेची एक पाटी असते. माहितीपत्रकात ठळक आकडा एकच असतो, पाटीवर उंचीनुसार आकडे असतात. या स्टॅकरच्या पाटीवर होतं: २.९ मीटरपर्यंत १५००, ३.६ मीटरला ११००, ५ मीटरला ६५० किलो. आपला पॅलेट साडेनऊशेचा. म्हणजे तो तिसऱ्या मजल्यापर्यंत नीट जाईल, चौथ्यावर नेणं म्हणजे अपघाताला बोलावणं. फोर्कलिफ्टचंही तसंच. तिचा दीड टन काट्याच्या मुळापासून ५०० मिलिमीटरवर भार असताना. आपला पॅलेट १२०० लांब, त्याचा मध्य ६०० वर. पुढच्या चाकापासून काट्याच्या मुळापर्यंत ४०० धरले तर १५०० गुणिले ९००, भागिले १०००, म्हणजे १३५०. मास्ट उंच झाला की त्याहून कमी. आपल्याला ते पुरत होतं, पण हा भागाकार विकत घेणाऱ्याने स्वतः करावा, विकणाऱ्यावर सोडू नये. १९४८ च्या कारखाने कायद्याने कलम २९ मध्ये सुरक्षित भार ठळक लिहिण्याची आणि वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणीची अट घातली ती उगाच नव्हती.

हिशेबात रीच ट्रक पुढे होता. ३२ पॅलेट जास्त, म्हणजे जवळपास २९ टन बेदाणा. मालकांचा चेहरा खुलला. मीही त्या संध्याकाळी रीच ट्रककडेच झुकलो होतो.

१५ सेंटिमीटर

दुसऱ्या दिवशी सकाळी चेंबरमध्ये टेप घेऊन गेलो. चौथ्या मजल्याचा बीम ४.८ मीटरवर. त्यावर पॅलेट ठेवायचा तर आधी तो थोडा वर उचलावा लागतो, म्हणजे काटे पाच मीटरवर. त्यावर १.३५ मीटरचा माल. बेरीज ६.३५. कॉइलचा ट्रे ६.५ वर. मध्ये उरतात १५ सेंटिमीटर. आणि त्या कॉइलमध्ये अमोनिया.

कितीही सवयीचा माणूस असला तरी हंगामात, रात्री दहा वाजता, वर बघून मान अवघडलेली असताना, १५ सेंटिमीटर त्याच्या हातात राहत नाहीत. दुसऱ्या एका ठिकाणी मास्ट कॉइलला लागलेला मी पाहिलाय. पाइपला बारीक चीर गेली होती. पहिल्या दहा सेकंदांत डोळ्यांतून पाणी, पुढच्या दहांत श्वास घेता येईना. सगळे ओलं फडकं तोंडाला लावून वाऱ्याच्या उलट दिशेला पळाले. कुणाला काही झालं नाही, पण त्या चेंबरमधला माल वासाने गेला. तो वास मला आजही आठवतो.

उचल थांबवणारा स्विच बसवता येतो, हे खरं. पण स्विच काट्यांची उंची ओळखतो, मालाची नाही. एखाद्या पॅलेटवर सातवा थर चढला की हिशेब संपला.

मग जमीन बघितली. कोल्ड चेंबरची जमीन साध्या गोदामासारखी नसते. वर काँक्रीट, खाली थर्मोकोलचा थर. इथे काँक्रीट १०० मिलिमीटरचं. रीच ट्रक स्वतः सुमारे तीन टनांचा, त्यात आपला एक टन, आणि मास्ट पुढे सरकला की बहुतेक भार पुढच्या दोन छोट्या चाकांवर. रॅकच्या पायांचंही गणित आहे. तीन मजले असले तर खालचा पॅलेट जमिनीवर, वरचे दोन मजले रॅकवर, म्हणजे मधल्या प्रत्येक पायावर १.९ टन. चार मजले केले तर २.८५ टन, हाताच्या पंजाएवढ्या पाटावर, थर्मोकोलवरच्या १०० मिलिमीटरमध्ये.

शेवटी गवंड्याकडची पाण्याची नळी मागवून गल्ल्यांची लेव्हल घेतली. मधल्या गल्लीत एका जागी मीटरमागे आठ मिलिमीटरचा उतार निघाला. डोळ्यांना दिसत नव्हता, पायांना जाणवत नव्हता. पण तेवढाच कल पाच मीटरवर गेला की ४० मिलिमीटर होतो आणि माल बीमच्या कडेला लागतो. ३.४ मीटरवर तो २७ राहतो. तेवढीच जागा घासून सारखी करणं एक दिवसाचं काम होतं. अख्खी जमीन रीच ट्रकच्या लायकीची करायची तर चेंबर बंद ठेवून नवा थर टाकावा लागला असता, आणि फेब्रुवारी तोंडावर होता.

३२ पॅलेटचा मोह तिथे सुटला. मालक अर्धा तास काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठीक आहे. स्टॅकरचं बघू."

वेगाची भीती त्यांना होती. स्टॅकर सावकाश उचलतो, भरलेला सेकंदाला दहाएक सेंटिमीटर, तिसऱ्या मजल्याला अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त. पण हंगामातला त्यांचा सगळ्यात भरलेला दिवस ४० टनांचा, म्हणजे ४५ पॅलेट. एका पॅलेटला जाऊन-येऊन सहा मिनिटं धरली तरी साडेचार तास. अडचण फक्त संध्याकाळी गाड्या एकदम येतात त्याची. त्यासाठी दुसरा स्टॅकर फेब्रुवारी ते मे भाड्याने घ्यायचा आणि एक विकत, असं ठरलं. बेदाण्यासारख्या चार महिन्यांच्या गर्दीला भाडं हा चांगला मार्ग आहे. आठ महिने उभं राहिलेल्या यंत्राची बॅटरी सगळ्यात आधी मरते.

"ह्याचं पायच आडवं येत्यात"

डिसेंबरात डेमोसाठी स्टॅकर आला. मुकादम आणि त्यांची हमालांची टोळी बघायला जमली. डीलरच्या माणसाने यंत्र पॅलेटसमोर नेलं, काटे आत घातले आणि कळ दाबली. काटे उचलले, पॅलेट दोन बोटं वर आला आणि अडकला. त्याने पुन्हा केलं. पॅलेट करकरला.

माणूस काटे तपासत होता. मी मास्ट बघत होतो. मुकादम उकिडवे बसले, जमिनीला गाल लावून पॅलेटच्या खाली बघितलं आणि म्हणाले, "सायेब, ह्याचं पायच आडवं येत्यात. पायाच्या खाली फळी हाय बघा."

त्यांचं बरोबर होतं. मालकांनी वर्षभरापूर्वी स्वस्तात मिळाले म्हणून ३०० जुने पॅलेट घेतले होते. ते दोन्हीकडून वापरता येणारे, खालीही चौफेर फळ्या असलेले. स्टॅकरचे पाय काट्यांच्या खाली असतात. ते पॅलेटच्या पोटात शिरले खरे, पण खालच्या फळीवर बसले. काटे वरची बाजू उचलतात, त्याबरोबर खालची फळीही वर येते आणि पायांना येऊन धडकते. स्वतःला स्वतःच धरून ठेवल्यासारखं. फोर्कलिफ्टला पायच नाहीत, म्हणून तिने हे पॅलेट सहज उचलले असते.

हे मी आधी बघायला हवं होतं. गल्ली, उंची, जमीन, सगळं मोजलं आणि पॅलेट पालथा करून बघितला नाही. तेव्हापासून मी कुठल्याही गोदामात गेलो की पहिला पॅलेट उलटा करतो.

दोन वाटा होत्या. एक, बाहेरून पाय असलेला स्टॅकर घ्यायचा, ज्याचे पाय पॅलेटच्या दोन्ही बाजूंनी जातात. तो कुठलाही पॅलेट उचलतो. पण रॅकमध्ये दोन पॅलेटच्या मध्ये त्याच्या पायांना जागा लागते. खण २.४ वरून २.७ मीटरचा होतो, २० मीटरमध्ये आठाऐवजी सात बसतात, एका ओळीत १४ पॅलेट, आणि एकूण २८८ चे २५२ होतात. ३६ जागा दरवर्षी, कायमच्या गेल्या. दुसरी वाट, पॅलेट बदलायचे. खाली तीनच पट्ट्या, त्याही १२०० च्या बाजूने लांब, म्हणजे समोरून आत जाणाऱ्या पायांना आणि ट्रॉलीच्या चाकांना पट्ट्यांच्या मधून मोकळी वाट. याच पट्ट्या रॅकवर पुढच्या आणि मागच्या बीमवर आडव्या पडतात, त्यामुळे तिथेही आधार भक्कम.

मालकांना पॅलेटचा खर्च जिवावर आला. पण खर्च एकदाचा होता आणि जागा कायमची. जुने पॅलेट एका कारखान्याने घेतले, तिथे फोर्कलिफ्टच चालते. नवे प्लॅस्टिकचे घेतले, आणि घेताना एक गोष्ट धरून बसलो. प्लॅस्टिक पॅलेटला तीन वजनं सांगितली जातात: जमिनीवर ठेवून, काट्यांवर उचलून, आणि रॅकच्या दोन बीमवर. तिसरं सगळ्यात कमी असतं आणि विक्रेता बहुतेक वेळा पहिलं सांगतो. आम्ही तिसरं मागितलं. लोखंडी पट्टी घातलेला, रॅकवर एक टन धरणारा पॅलेट मिळाला.

थंडी

चार अंशांत लेड-ॲसिड बॅटरी तिच्या नेहमीच्या ताकदीपेक्षा साधारण १५ ते २० टक्के कमी देते. पाटीवर लिहिलेले तास इथे धरायचे नाहीत. चार्जिंग चेंबरबाहेर, वरून हवा जाणाऱ्या शेडमध्ये ठेवलं, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तो छताशी साठतो आणि हवेत चार टक्के झाला की ठिणगीला पेटतो. डिस्टिल्ड वॉटर कुणी, कोणत्या वारी घालायचं ते भिंतीवर लिहिलं.

त्याहून त्रासदायक गोष्ट वेगळीच निघाली. एप्रिलमध्ये बाहेर ४० अंश. आतून थंड झालेलं यंत्र बाहेर आणलं की बर्फाच्या पेल्यासारखं त्याच्यावर पाणी सुटतं, आणि ते पाणी हँडलमधल्या बटणांत, कंट्रोलरच्या डब्यात शिरतं. हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात भाड्याचा स्टॅकर असाच बंद पडला. मग कामं वाटून दिली. स्टॅकर दिवसभर आतच राहतो. गाडीपासून दारापर्यंत ट्रॉली आणते, दारात स्टॅकर घेतो. चार्जिंगला रात्री एकदाच, पुसून, कोरडा करून बाहेर. डिझेलच्या फोर्कलिफ्टचा विषय मी पहिल्याच दिवशी बंद केला होता. बंद चेंबरमध्ये धूर माणसालाही वाईट आणि बेदाण्यालाही.

टोळी

यंत्रं येणार म्हटल्यावर टोळीत कुजबुज होतीच. मुकादमांनी मला चहाच्या टपरीवर गाठून विचारलं, "सायेब, हे आलं की आमी घरी बसायचं का?" महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला तो हमालांनी लढून मिळवलेला, अण्णासाहेब पाटलांच्या पिढीने. त्या प्रश्नाला मी उडवून लावू शकत नव्हतो.

मी त्यांच्यासमोरच मोजलं. १२ टनांची गाडी म्हणजे ८०० पेट्या. जुन्या पद्धतीत एक पेटी गाडीतून उतरते, वजनकाट्यावर जाते, वजनकाट्यावरून उचलली जाते, चेंबरमध्ये नेऊन थप्पीवर चढते, आणि काढताना पुन्हा तितक्याच वेळा. आत जाईपर्यंतच चार वेळा धरलं तरी १२ टनांची गाडी माणसांच्या अंगावर ४८ टन होते. नव्या पद्धतीत पेटी गाडीतून थेट पॅलेटवर येते आणि पॅलेटसकट वजन होतं. एक वेळा.

पण ती एक वेळ माणसाचीच राहते. पॅलेट भरणं, लॉट वेगळे ठेवणं, मार्का बघणं, प्रत ओळखणं हे टोळीशिवाय होत नाही. मालकांशी बोलून पेटीमागची हमाली आहे तशीच ठेवायचं ठरलं. टोळीतल्या दोन तरुणांना स्टॅकर शिकवला. बाहेरून चालक आणला नाही, आणि हा निर्णय सगळ्यात जास्त उपयोगी पडला, कारण पेटी कशी बसते हे त्यांना आधीच माहीत होतं.

आणखी एक छोटी खरेदी मी आग्रहाने करायला लावली. जमिनीत बसवलेलं कात्रीसारखं उघडणारं उचलटेबल. पॅलेट रिकामा असताना ते वर असतं, थर भरत जाईल तसं खाली उतरतं, म्हणजे माणसाला कमरेत वाकावं लागत नाही. तीन कोटेशनांत ते कुठेच नव्हतं. मुकादमांच्या वयाच्या माणसांसाठी त्या चेंबरमधलं सगळ्यात मोलाचं यंत्र तेच आहे, असं मी आजही म्हणेन.

हंगामानंतर

मेअखेर मी पुन्हा गेलो. सौदा चालू होता. व्यापाऱ्याने पावती दाखवली, चालकाने ओळ, खण, मजला बघितला, आणि पॅलेट दहा मिनिटांत टेबलावर. मधल्या गल्लीत घासून सारखी केलेली जागा रंगाने खुणावली होती. पॅलेटला गुंडाळायच्या प्लॅस्टिकचे तुकडे स्टॅकरच्या पुढच्या चाकांत अडकून एक चाक झिजलं होतं, म्हणून दारात एक टोपली ठेवून तुकडे तिथेच टाकायचा नियम झाला. एका खणाच्या पायाला धक्का लागून वाक आला होता. तो खण रिकामा करवून घेतला आणि कोपऱ्यांच्या पायांना लोखंडी कठडे सांगितले.

वरचा चौथा मजला रिकामाच आहे. मालक अजून अधूनमधून मान वर करून बघतात. पुढच्या वर्षी कॉइल भिंतीकडे सरकवून घ्यायचा त्यांचा विचार आहे. मी त्यांना सांगितलंय की कॉइल हलवण्याआधी काँक्रीटला भोक पाडून जाडी मोजू, मग बोलू. ते म्हणाले, "आणि पॅलेट?" मी म्हटलं, "तो मी आलो की पालथा करून बघतोच."